टेकणे, लवंडणे, निजणे आणि त्यांचे इंग्रजी शब्द



माणूस दमला की काय करतो हे सांगायला मराठीत शब्दांची ददात नाही. कोणी भिंतीला टेकतो, कोणी लोडाला रेलतो, कोणी लवंडतो, कोणी कलंडतो, कोणी आडवा होतो, कोणी अंग टाकतो, तर कोणी चक्क ताणून देतो. पण आपण हे शब्द वापरताना फारसा काटेकोरपणा पाळत नाही. आजी म्हणते, "जरा पाठ टेकते." आता ती पाठ भिंतीला टेकणार की चटईला, हे तिच्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. घरात ते चालून जाते, कारण आजी समोरच असते.

इंग्रजीत ही कामे वेगवेगळ्या शब्दांनी वाटून घेतली आहेत. लीन, रिक्लाइन, लाय, ले आणि रेस्ट हे त्यातले मुख्य पाच. हे शब्द फक्त परीक्षेला येतात असे समजू नका. ते लिफ्टच्या दारावर असतात, रेल्वेच्या बोलण्यात असतात आणि डॉक्टरांच्या कागदावरही असतात. म्हणून त्यांचे अर्थ नीट समजून घ्यावेत असे मला वाटते.

आमच्या इंग्रजीच्या बाईंनी यासाठी एक सोपी युक्ती सांगितली. अंगाचा भार कुठे आहे ते बघायचे. भार पायांवर आहे आणि थोडासा भिंतीवर टाकला आहे, तर ते लीन. बसलेला आहे, पण पाठ मागे कलवून भार पाठीवर घेतला आहे, तर ते रिक्लाइन. सगळे अंग जमिनीवर किंवा खाटेवर आडवे आहे, तर ते लाय. आणि रेस्ट? रेस्टमध्ये भार बघायचाच नाही. तिथे काम थांबले की नाही एवढेच बघायचे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण खरा घोटाळा तिथेच होतो.

आधी लीन घेऊ. मराठीत लीन म्हणजे नम्र, इंग्रजीत लीन म्हणजे टेकणे किंवा कलणे. लीनचा आणखी एक अर्थ हडकुळा असाही आहे, पण तो शब्द वेगळा. भिंतीला लावून ठेवलेली शिडीसुद्धा इंग्रजीत लीन होते. इटलीतला पिसा गावचा मनोरा कशालाच टेकलेला नाही, नुसता एका बाजूला कलला आहे, तरी त्याला लीनिंग टॉवर म्हणतात. म्हणजे सरळ उभे न राहता एकीकडे झुकणे हा त्यातला मूळ भाग.

पण आपले टेकणे म्हणजे दर वेळी लीन नव्हे. डोंबिवलीहून लोकलने कामावर जाणाऱ्या पालकांना चौथी सीट समजावून सांगायला नको. तिघांच्या बाकावर तिघे बसलेले असतात आणि चौथा येऊन म्हणतो, "जरा सरका हो, टेकू द्या." त्याला पाठ टेकायची नसते. बाकाच्या कडेला अर्धे बूड ठेवायला जागा मिळाली तरी ठाण्यापर्यंत त्याचे भागते. याला इंग्रजीत लीन म्हटले तर ऐकणारा गोंधळेल. ते सिटच, किंवा फार तर पर्च. पक्षी फांदीच्या टोकावर बसतो ना, ते पर्च. मला तर चौथ्या सीटला हाच शब्द शोभतो असे वाटते.

लीनच्या पुढे कोणता शब्द येतो तेही बघावे लागते. लीन अगेन्स्ट म्हणजे एखाद्या वस्तूला टेकणे. लीन ऑन म्हणजे तिच्यावर भार टाकणे. 'डू नॉट लीन ऑन द डोअर' असे लिफ्टमध्ये किंवा मेट्रोत लिहिलेले असले, तर दाराला पाठ लावून उभे राहू नका असा अर्थ. आणि लीन आउट म्हणजे बाहेर झुकणे. लोकलच्या दारातून किंवा बसच्या खिडकीतून बाहेर वाकणे ते हे. यात भार कुठेच नीट टेकलेला नसतो, म्हणून ते घातकी.

आपल्या भागात याचा अर्थ कोणाला शिकवावा लागत नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दोन लोकल एकमेकींच्या जवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यात माणसे दगावली. अशा वेळी लोक म्हणतात, बाहेर झुकू नये एवढे कळत नाही का? पण माझ्या मते इथे लीन हा शब्द लावणेच बरोबर नाही. लीन होणारा आपल्या मर्जीने झुकतो. आत पाऊल ठेवायलाही जागा नाही म्हणून जो दांडी धरून लोंबकळतो, त्याला इंग्रजीत हँग म्हणतात. सूचना लिहिताना दोन्ही सारखे वाटतात, पण दारातल्या माणसाला ते सारखे नसतात.

आता रिक्लाइन. हा शब्द जरा मोठा आहे, पण वस्तू ओळखीची आहे. आरामखुर्चीत आजोबा बसतात ते रिक्लाइन. 'शिवनेरी' बसमध्ये बाजूचा खटका दाबला की पाठ मागे जाते. आपण तिला पुशबॅक सीट म्हणतो, इंग्रजी पुस्तकात ती रिक्लाइनिंग सीट असते. धड बसणे नाही, धड निजणे नाही, अशी ही मधली अवस्था.

या मधल्या अवस्थेला वेगळा शब्द कशाला हवा, असे कोणी म्हणेल. त्याला आमच्या शेजारची गोष्ट सांगतो. शेजारच्या आजोबांना चालताना दम लागायचा. काही दिवस इस्पितळात ठेवून त्यांना घरी सोडले. सोबत इंग्रजीत लिहिलेला कागद दिला. त्यावर औषधांच्या खाली तीन गोष्टी होत्या : 'बेड रेस्ट', 'प्रॉप अप' आणि 'अव्हॉइड लाइंग फ्लॅट'. घरच्यांना त्यातले बेड रेस्ट तेवढे ओळखीचे. बेड म्हणजे खाट आणि रेस्ट म्हणजे आराम, एवढे सर्वांना येते. मग काय, आजोबांसाठी ओटीवर खाट टाकली, मऊ गादी घातली आणि त्यांना पाठीवर सपाट निजवले. उशीसुद्धा पातळ दिली, मान अवघडू नये म्हणून. सगळे मायेनेच केले.

रात्री आजोबांचा श्वास कोंडू लागला. ते उठून बसायला बघत आणि घरचे त्यांना म्हणत, "बाबा, पडून राहा, डॉक्टरांनी आराम सांगितलाय." ते पुन्हा पडत आणि पुन्हा दम लागे. त्यांची नात अकरावीला आहे. तिने तो कागद दिव्याखाली धरून वाचला आणि म्हणाली, "अहो आई, यात सपाट निजवू नका असं लिहिलंय. टेकून बसवायला सांगितलंय." मग घरातल्या सगळ्या उशा आणि एक गुंडाळलेली गोधडी पाठीमागे लावून त्यांना अर्धवट बसते केले. थोड्या वेळाने त्यांचा श्वास खाली बसला. सकाळी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, पोरीने बरोबर केले, असेच ठेवा.

याचे कारण मी बाईंना विचारले. माणूस सपाट निजला की पायांतले रक्त अधिक प्रमाणात छातीकडे येते. पोटातले अवयवही वर सरकून फुप्फुसांखालच्या पडद्याला रेटतात. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण ज्याचे हृदय दुबळे झाले आहे त्याच्या फुप्फुसांत त्यामुळे पाणी साचू लागते आणि दम लागतो. पाठ उंच ठेवली की तो भार उतरतो. प्रॉप अप म्हणजे टेकू देऊन उंच ठेवणे. कलत्या झाडाला आपण बांबूचा टेकू देतो तसेच. लाइंग फ्लॅट म्हणजे सपाट निजणे आणि अव्हॉइड म्हणजे टाळा. पालकांनी हे तीन शब्द जरूर पाठ करावेत. कागदावरचे अक्षर लागले नाही किंवा अर्थ कळला नाही, तर तिथल्या तिथे विचारावे, "पेशंटला निजवायचं की बसवायचं?" विचारायला लाज कसली?

लीन आणि रिक्लाइन हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. क्लिनिकसुद्धा त्याच घराण्यातले. जुन्या ग्रीक भाषेत क्लिने म्हणजे पलंग. जो वैद्य रोग्याच्या पलंगापाशी जाऊन त्याला बघतो, त्याच्यावरून क्लिनिक शब्द आला. आपण मात्र क्लिनिकमध्ये बाकावर ताटकळत असतो, पलंग काही दिसत नाही! गंमत म्हणजे आपल्या संस्कृतातला 'श्रि' हा धातूही याच घराण्यातला आहे असे भाषेचे अभ्यासक मानतात. त्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे. त्यापासून झाला आश्रय. झाडाच्या आश्रयाला उभा राहिलेला वाटसरू आणि इंग्रजीतला लीन होणारा माणूस हे असे दूरचे भाऊ. बसण्याचा सिट आणि संस्कृतातला 'सद्' हेही असेच नात्यातले आहेत. परिषद म्हणजे भोवताली बसणे. आपल्या शाळेच्या पाटीवर 'जिल्हा परिषद' आहे, तिच्यातही हा सिटचा भाऊ बसलेला आहे.

आता अवघड जोडी. लाय आणि ले. इंग्रजी घरात बोलणारी माणसेसुद्धा इथे अडखळतात, असे बाई म्हणाल्या. तेव्हा आपण घाबरायचे कारण नाही. उलट मराठी माणसाला हे सोपे जावे, कारण आपल्याकडे ही जोडी आधीपासून आहे. निजणे आणि निजवणे. टेकणे आणि टेकवणे. बाळ स्वतः निजते, आई बाळाला निजवते. तसेच इंग्रजीत बाळ लाय करते आणि आई बाळाला ले करते. लाय स्वतःचे स्वतः, ले दुसऱ्याला किंवा वस्तूला. कोंबडी अंडे घालते तेही ले. इमारतीचा पाया घालतात तेही ले.

मग घोटाळा कुठे? भूतकाळात. लायचा भूतकाळ ले होतो! म्हणजे 'ती काल आडवी झाली' याला इंग्रजीत 'शी ले डाउन' म्हणतात. आणि 'तिने बाळाला निजवले' याला 'शी लेड द बेबी डाउन'. पाठ करायचे तर असे करा : लाय, ले, लेन. ले, लेड, लेड. आणि तिसरा एक लाय आहे तो खोटे बोलण्याचा : लाय, लाइड, लाइड. निजण्याच्या लायला कधीही लाइड करू नका. नाहीतर 'मी दुपारी पडलो होतो' असे सांगायला जाल आणि 'मी दुपारी खोटे बोललो' असे होईल.

ठाण्यातल्या कारखान्यांत काम केलेल्या वडीलधाऱ्यांना ले हा शब्द दुसऱ्याच रूपात माहीत आहे. ले-ऑफ. यंत्र बाजूला ठेवावे तसे कामगाराला काही काळ बाजूला ठेवणे. यातही ठेवणारा वेगळा आणि ठेवला जाणारा वेगळा.

लाय आणि ले एकत्र बघायचे असतील तर कल्याण स्टेशनच्या पुलावर उभे राहा. आपला रेल्वेमार्ग देशातला सर्वांत जुना प्रवासी मार्ग. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी आली आणि पुढच्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत पोचली. रुळांखाली जे आडवे ठोकळे असतात त्यांना स्लीपर म्हणतात. पूर्वी ते लाकडाचे असत, आता बहुतेक काँक्रीटचे असतात. ते रुळांखाली आडवे निजलेले असतात, म्हणून त्यांना स्लीपर, म्हणजे निजणारा, हे नाव. स्लीपर तिथे लाय करतो. आणि तो उन्हातान्हात तिथे नेऊन बसवणारे रेल्वेचे कामगार त्याला ले करतात. रूळ टाकण्याच्या कामाला ट्रॅक लेइंग असेच म्हणतात.

वरून जाणाऱ्या गाडीतही स्लीपर असतो, तो झोपण्याचा डबा. या डब्यातली मधली फळी, म्हणजे मिडल बर्थ, मला फार हुशार वाटते. दिवसा ती खाली सोडलेली असते आणि खालच्या बाकावर बसणाऱ्यांची पाठ तिला टेकलेली असते. रात्री तीच उचलून साखळीला अडकवली की तिच्यावर माणूस निजतो. दिवसा लीन, रात्री लाय, फळी एकच. म्हणून तर रेल्वेने झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी ठरवून दिली आहे. मधल्या फळीवरचा माणूस सकाळी उशिरापर्यंत उठला नाही की खालच्या तिघांना मान वाकवून बसावे लागते आणि मग भांडण जुंपते.

राहिला रेस्ट. हा शब्द तर आता मराठीच झाला आहे. रेल्वेत नोकरी करणारे काका म्हणतात, "उद्या माझी रेस्ट आहे." याचा अर्थ ते उद्या निजून राहतील असा मुळीच नाही. पावसाळ्यात रेस्टच्या दिवशी ते गुडघाभर चिखलात भाताची लावणी करीत असतात. इंग्रजीच्या हिशेबाने ती नोकरीपुरतीच रेस्ट.

ही आठवड्याची रेस्ट आपल्याला आपोआप मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे १८४८ साली ठाण्यात जन्मलेले गृहस्थ. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. काही काळ त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे आतले हाल त्यांना ठाऊक होते. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा झाली. त्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या. शेवटी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी ठरली. रविवार हा खंडोबाचाही वार. आपण रविवारी क्रिकेट खेळतो त्यात या ठाणेकराचा वाटा आहे. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यातही रेस्ट हा शब्द आला. सलग पाच तासांहून अधिक काम करून घेऊ नये, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे त्यात होते. दीडशेहून अधिक कामगार असतील तिथे विश्रांतीसाठी खोली असावी, असेही होते. त्या खोलीला कायद्यात रेस्ट रूम म्हटले आहे. पण मॉलमध्ये रेस्टरूमची पाटी बघून कोणी पाय पसरायला आत जाऊ नये. अमेरिकेत शौचालयाला रेस्टरूम म्हणतात आणि आपल्याकडे मॉलवाल्यांनी तोच शब्द उचलला आहे!

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. लीन, रिक्लाइन आणि लाय हे शब्द अंग कसे ठेवले ते सांगतात. रेस्ट हा शब्द काम थांबले का ते सांगतो. माणूस आडवा पडूनही रेस्ट घेत नसेल आणि खुर्चीत बसूनही रेस्ट घेत असेल. डॉक्टर नुसते बेड न लिहिता बेड रेस्ट असे दोन शब्द लिहितात, ते यासाठी.

आमच्या आळीत एका काकूंना डॉक्टरांनी रेस्ट लिहून दिली. घरचे म्हणाले, "दुपारी तासभर पडत जा." त्या तासभर पडत. पण पहाटेचे पाणी, भाकऱ्या, धुणे, गुरांचे वैरण हे सगळे होतेच. संध्याकाळी सासूबाई म्हणायच्या, "अगं, पडली होतीस ना दुपारी?" काकू म्हणायच्या, "पडले होते, आत्याबाई." दोघीही खरेच बोलत होत्या. काकू लाय करीत होत्या, रेस्ट कोणी देत नव्हते. शेवटी त्यांच्या मुलाने, तो आमच्याच शाळेत पाचवीत आहे, पाणी भरायचे काम उचलले आणि काकांनी गुरांकडे बघायला सुरुवात केली. तेव्हा कुठे त्या कागदावर लिहिलेली गोष्ट घरात आली.

राहता राहिल्या डुलक्या. नॅप म्हणजे ठरवून घेतलेली छोटी झोप. डोझ म्हणजे न ठरवता लागलेली पेंग, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला वर्गात दिसते ती. स्नूझ तर मोबाइलच्या गजरामुळे घरोघरी पोचला आहे, तो म्हणजे आणखी जराशी झोप. मात्र वामकुक्षीला इंग्रजीत एक शब्द मिळत नाही. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडे पडणे, एवढे सगळे आपण एका शब्दात बसवले आहे. इंग्रजीत म्हणायचे तर 'टु लाय डाउन ऑन वन्स लेफ्ट साइड फॉर अ लिट्ल व्हाइल आफ्टर लंच' एवढे लांबलचक म्हणावे लागेल. ते म्हणेपर्यंत आमच्या आजोबांचा डोळा लागलेला असतो.